सात गल्ल्यांचं पाणी

सह्यकुंजमध्ये हिंदुराव दांगटांना सगळे ‘चावीवाले’ म्हणून ओळखतात. ही चावी खिशात मावत नाही. छातीएवढी उंच लोखंडी कांब, खाली चौकोनी तोंड आणि वर दोन्ही हातांनी धरायला आडवा दांडा. ती खांद्यावर टाकून हिंदुराव निघाले की नव्या भाडेकरूंची लहान मुलं त्यांना गदाधारी समजून हात जोडतात. हिंदुरावही आशीर्वाद देऊन मोकळे होतात. त्यांचं काय जातंय!

कर्वेनगरच्या पलीकडे टेकडीच्या उतारावर ही वसाहत आहे. सात गल्ल्या, तीनशे चाळीस रो-हाउसेस आणि जवळजवळ तेवढेच निवृत्त तज्ज्ञ. टेकडीवर मोठी टाकी, तिच्यातून उतरणारा जाड पाइप आणि त्याला फुटलेल्या सात गल्ल्यांच्या सात लाइनी, असा कारभार. बॅडमिंटन कोर्ट आहे तिथं पूर्वी दांगटांचा गोठा होता. हे हिंदुराव कुणाला सांगत नाहीत. सांगितलं तर लोक ‘अरेरे’ म्हणतात, आणि सकाळी सकाळी ‘अरेरे’ ऐकायला त्यांना वेळ नसतो.

एकोणीस वर्षं त्यांनी रोज सकाळी सात व्हॉल्व्ह उघडले. पहिल्या गल्लीपासून सुरुवात, सातवीला शेवट, सगळं मिळून सव्वा तास. पद्धत ठरलेली. चावीचा एक आटा फिरवायचा आणि थांबायचं. तळवा दांड्यावर ठेवून, मान किंचित वाकडी करून उभं राहायचं. मग पुढचा आटा. सोसायटीच्या तक्रारवहीत याबद्दल एक नोंदही आहे: ‘व्हॉल्व्ह सोडणारे गृहस्थ कामाच्या निम्म्या वेळात नुसते उभे असतात.’ हिंदुरावांना कुणीतरी ती वाचून दाखवली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पान्याला निरोप पोचाया येळ लागतो.”

गेल्या महिन्यात सोसायटीनं नवी यंत्रणा बसवली. सात हातव्हॉल्व्ह कायमचे उघडे ठेवले आणि त्यांच्या वर दोन मोठे विजेवरचे व्हॉल्व्ह आले. एक वरच्या चार गल्ल्यांचा, दुसरा खालच्या तीन गल्ल्यांचा. गल्लीच्या टोकाला पाण्याचा दाब कमी झाला की ते आपोआप उघडणार, जास्त झाला की मिटणार. बसवायला आलेली इंजिनिअर नम्रता अकोल्याची होती. हुशार, कष्टाळू, आणि हिंदुरावांना ‘काका’ म्हणणारी. ‘तुमचं काम गेलं’ असं ती कधी म्हणाली नाही, यावरूनच हिंदुरावांना समजायचं ते समजलं होतं.

यंत्रणा सुरू झाल्याचा तिसरा दिवस, गुरुवार. पहिले दोन दिवस चाचणीत गेले होते; सातही गल्ल्यांना एकदम पाणी सोडण्याची ही पहिलीच वेळ. सात वाजून पाच मिनिटांनी पाणी समितीच्या अध्यक्ष अस्मिताताई पटवर्धन यांनी ‘सह्यकुंज पाणी (फक्त कामाचे)’ या ग्रुपवर रोजच्यासारखा संदेश टाकला: ‘पाणी आले आहे.’

आता सह्यकुंजातलं एक गुपित सांगायला हवं. लाइनला थेट मोटर लावून पाणी ओढायला सोसायटीत सक्त मनाई आहे. त्यामुळे मोटर कुणाकडेही नाही. अंगणातल्या फरशीखाली जे गुरगुरतं ते काय, असं कुणी कुणाला विचारत नाही. हिंदुराव पाणी गल्लीगल्लीनं सोडत, तेव्हा या नसलेल्या मोटारीही गल्लीगल्लीनं सुरू होत. आता पाणी सातही गल्ल्यांत एकदम आलं, संदेश एकदम गेला आणि तीनशे फरश्या एकदम गुरगुरल्या.

साडेसातला नम्रता टाकीच्या खाली, मुख्य व्हॉल्व्हच्या चेंबरपाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. हिंदुराव सवयीनं चावी खांद्यावर टाकून शेजारी उभे होते. पाइपावरच्या घड्याळात दाबाचा काटा तीन किलोवर असायला हवा. तो दोनवर आला, मग चारवर गेला. पुन्हा दीड. पुन्हा साडेचार. प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा होता.

“काका, हे काहून असं करून राहिलं?” पुण्यात सहा वर्षं काढूनही घाबरल्यावर नम्रताला अकोलाच आठवायचं.

हिंदुरावांनी पाइपावर हात ठेवला. आतून कुणीतरी गुडघे टेकत चाललंय असे धक्के येत होते. “मॅडम, तुमचे दोनी व्हॉल्व्ह भांडत्यात. वरचा मिटला की त्याचं पानी खालच्याकडं जातंय. मग खालचा दचकून मिटतोय. गल्लीच्या टोकाला कळेस्तवर पाच मिन्टं गेल्याली असत्यात. मग दोघंबी उपाशी, दोघंबी आ वासत्यात. आन मधी ही मंडळी.” त्यांनी गुरगुरणाऱ्या अंगणांकडे हनुवटी केली. “घरची टाकी भरली की मोटर बंद, धार बारीक झाली की चालू.”

इतक्यात त्यांचा फोन वाजला. बायको, शकूबाई. हिंदुरावांची खोली चेंबरच्या खाली, टेकडीच्या संरक्षक भिंतीला टेकून असलेल्या सहा खोल्यांतली शेवटची. मोठा पाइप त्या भिंतीच्या माथ्यावरून जातो, आणि त्याचा सगळ्यात जुना जॉइंट बरोबर या खोलीच्या वर आहे.

“आवं, भिंतीतनं पानी याया लागलंय. जाईंटापाशी पिचकारी उडतीय.”

“बाहेर पड. समद्यांना काढ.”

“काढली समदी. आईंचं काय करू? पायाचं वजन सोडाया गेलं की किचाळत्यात. आन पलंग दारातनं निघंना.”

वेणूबाईंचं, म्हणजे हिंदुरावांच्या आईचं, खुब्याचं हाड दहा दिवसांपूर्वी मोडलं होतं. वय चौऱ्याऐंशी. ऑपरेशन झेपायचं नाही म्हणून डॉक्टरांनी पायाला वजन बांधून त्यांना पलंगावरच ठेवलं होतं.

“दोन वॉचमन धाडतो. दाराची चौकट काढाया सांग. तू तरी भायेर थांब.”

“मी बाहेर थांबू? आन आईंना काय सांगू, शेजारी गेले होते म्हनून?” शकूबाईंनी फोन ठेवला. हिंदुरावांनी गेटवर फोन करून दोघा वॉचमनना तिकडे पिटाळलं.

जॉइंट पाच किलोच्या वर तग धरत नाही, हे हिंदुरावांना ठाऊक होतं. काटा चार-सहावर, म्हणजे चार पॉइंट सहावर, जाऊन परतला होता.

अस्मिताताई चप्पल फटफटवत आल्या. “हिंदुराव, माझ्या नळाला दमा झालाय. आपोआप म्हणजे आपोआप बिघडणारं, हे टेंडरमध्ये लिहिलं नव्हतं.” मग त्यांनी हिंदुरावांचा चेहरा पाहिला आणि सरळ ‘काय झालं?’ असं विचारलं. हे सहसा घडत नाही.

नम्रतानं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. अस्मिताताईंनी तत्काळ फोन काढला आणि भराभर टाइप केलं: ‘सर्वांनी आपापल्या मोटारी त्वरित बंद कराव्यात.’ बोट पाठवायच्या खुणेवर जाणार, तोच हिंदुरावांनी आपला चिखलाचा पंजा त्या महागड्या फोनवर ठेवला. एकोणीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

“न्हाय ताई. समद्यांनी येकदम बंद केल्या तर धावतं पानी जागच्या जागी आडंल. त्यो समदा धक्का जाईंटावर यील.”

“माझं एरवी कोणी ऐकत नाही, हिंदुराव.”

“आज ऐकतील. त्याचंच भ्या वाटतंय.”

त्यांनी चावी खांद्यावरून उतरवली आणि टाकीच्या मुख्य व्हॉल्व्हवर बसवली. “पयली गल्ली फकस्त. मग म्या मान हालवली की दुसरी. येका येळी येकच. आन मॅडम, तुमचे व्हॉल्व्ह.”

“बंद करू दोन्ही?”

“बंद न्हाय. जिथं असतील तिथं गोठवा. पर म्या म्हनंन तवाच.”

काटा खाली येत होता. साडेतीन. तीन-दोन. नम्रतानं बोट कळीवर टेकवून ठेवलं होतं.

“आता!”

दोन्ही व्हॉल्व्ह अर्धे उघडे राहून थबकले. खालून शकूबाईंचा आवाज आला, कुणावर तरी ओरडल्याचा. हातोड्याचे दोन ठोके, मग वेणूबाईंची किंकाळी. हिंदुरावांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी चावीचा एक आटा फिरवला आणि थांबले. तळवा दांड्यावर, मान किंचित वाकडी.

अस्मिताताईंनी आधीचा मजकूर खोडला. शब्द जपून वापरायला हवे होते. मोटर आहे असं कबूल करायला लावलं असतं, तर सकाळ वादातच गेली असती. त्यांनी लिहिलं: ‘पहिली गल्ली: आपल्याकडे जी मोटर नाही, ती आत्ता बंद करावी. इतर गल्ल्यांनी आपली नसलेली मोटर तूर्त चालू ठेवावी.’

पहिल्या गल्लीतली गुरगुर विझली. काटा चारावर चढला, थोडा घुटमळला आणि उतरला. हिंदुरावांनी आणखी एक आटा फिरवला. थांबले. मान हलवली. दुसरी गल्ली. मग तिसरी, चौथी. ग्रुपवर लोक जागे झाले होते. ‘पाचव्या गल्लीवर नेहमीच अन्याय,’ असा एक संदेश पडला. त्याखाली अंगठा दाखवणारे अकरा जण.

पाचवीची पाळी आली आणि सहाव्या गल्लीतल्या कुणा समंजस माणसानं, सगळ्यांचा वेळ वाचावा म्हणून, आपल्या गल्लीलाही आताच बंद करायला सांगून टाकलं. दोन गल्ल्या एकदम गप्प झाल्या. पाइप धडधडला. काटा सरळ वर चढला. चार-पाच. चार-सात.

“काका, फिरवा ना! बंद करा!”

फोन वाजू लागला. शकूबाई. हिंदुरावांनी उचलला नाही. दोन्ही हात दांड्यावर होते आणि त्या हातांना फिरवायचं होतं. खाली आई होती. व्हॉल्व्ह आवळून टाकावा, पाणी तोडून टाकावं असं प्रत्येक बोटाला वाटत होतं. पण या क्षणी दिलेला आटा खाली पोहोचेल तेव्हा लाट मागे फिरलेली असेल; उतारावरून सुटलेलं पाणी पोकळी टाकून जाईल आणि त्याच पोकळीत दुप्पट जोरानं परत आपटेल. हे त्यांना पुस्तकातून ठाऊक नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी त्यांनी असाच घाईचा एक आटा दिला होता आणि चौथ्या गल्लीची लाइन उकलली होती.

“काका!”

“गप ऱ्हा, पोरी,” ते हळू म्हणाले. मॅडम म्हणायचं राहून गेलं.

चार-नऊ. काटा तिथं थरथरला. अस्मिताताईंनी डोळे मिटले. फोन वाजून वाजून थांबला.

मग काटा मागे सरकला. अडीच. तीन-सहा. दोन-आठ. तीन-दोन. प्रत्येक झोका आधीपेक्षा आखूड. हिंदुरावांनी एक आटा दिला. थांबले. सातवी गल्ली गप्प झाली तेव्हा काटा तीनावर येऊन टेकला. उरलेले आटे त्यांनी तसेच एकेक करून, थांबत थांबत दिले. शेवटच्या आट्याबरोबर टाकीचं पाणी बंद झालं आणि पाइपातला दाब हळूहळू ओसरला.

एका हातानं त्यांनी शकूबाईंना फोन लावला.

“फोन का न्हाय उचलला?” तिकडून रडका राग. “पिचकारी थांबली. आता नुसतं झिरपतंय. चौकट अर्धी निघालीय. आई वॉचमनला शिव्या देत्यात.”

“देऊ दे,” हिंदुराव म्हणाले आणि चेंबरच्या कडेला खाली बसले. दुसऱ्या हाताची दांड्यावरची बोटं काही केल्या सुटेनात. नम्रतानं ती एकेक करून सोडवली.

“काका, चूक माझी आहे,” ती म्हणाली. “व्हॉल्व्ह फार घाईनं वागतात. त्यांना थांबायला शिकवावं लागेल. किती वेळ थांबायचं, तेवढं तुम्ही सांगा मला.”

“सांगतो. परत्येक गल्लीचं येगळं हाय. पर आधी जाईंट बदला. त्याबिगर ते यंत्र चालू करायचं न्हाय.”

“रास्त आहे,” अस्मिताताई म्हणाल्या. “ पण खर्चाचं काम आहे, समितीपुढे ठेवावं लागेल. रविवारी दहा वाजता, क्लबहाउसमध्ये.”

“क्लबहाउसात नको, ताई. आमच्या खोलीत घ्या. आईच्या उशाशी भितीला टेकून बसाया जागा हाय.”

अस्मिताताईंनी खाली त्या भिंतीकडे पाहिलं आणि सभेची जागा बदलल्याचं समितीला लगेच कळवून टाकलं.

रविवारी दहाला समितीचे नऊ सदस्य त्या खोलीत चटईवर मांडीला मांडी लावून बसले. भिंतीचा ओलावा शर्टातून पाठीपर्यंत पोहोचत होता आणि जो तो अधूनमधून मागे वळून वर बघत होता. वेणूबाईंनी पलंगावरून प्रत्येकाला “तू कुनाचा रं?” असं विचारून घेतलं. ज्या समितीला कुंड्यांच्या रंगावर तीन सभा लागल्या होत्या, तिनं जॉइंट मंगळवारपर्यंत बदलण्याचा आणि तोवर पाणी हिंदुरावांनीच गल्लीगल्लीनं सोडण्याचा ठराव अकरा मिनिटांत एकमतानं मंजूर केला. इतिवृत्तात सभेच्या ठिकाणापुढे अस्मिताताईंनी लिहिलं: ‘श्रीमती वेणूबाई दांगट यांचे निवासस्थान.’