साहेब असं म्हणाले नव्हते

माझी बायको जाऊन तीन महिने झाले. लोक येऊन म्हणतात, सुटली बिचारी. कशातून सुटली ते मला विचारा. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायचा सराव नाही. तरी हे लिहून ठेवतोय. तोंडानं एकदा सांगितलं, पण ते एकीलाच.

चाळीसेक वर्षांमागची गोष्ट. लातूर तेव्हा नवंनवं जिल्हा झालं होतं. कचेऱ्या आल्या, खुर्च्या आल्या, साहेब आले. मी कलेक्टर कचेरीत शिपाई लागलो. मीटिंगमध्ये साहेब लोकांना पाणी द्यायचं हे माझं मुख्य काम. खाकी कपडे घालून निघालो की गल्लीतली माणसं सायकलला वाट द्यायची. मला ते लई आवडायचं, खोटं कशाला सांगू.

जिल्हा आला पण पाऊस आला न्हाई. दोन वर्षं कोरडी गेली. वस्तीत टँकर यायचा आणि त्याच्याभोवती बायका-पोरींचा गराडा पडायचा. बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरनं वजन उचलायला मनाई केलेली. मग पाणी भरायचं कुणी? आमच्या एकुलत्या एक मुलीनं. आधी घागरी, मग कॉलेज. तशातही पोरगी बी.कॉम.ला चांगल्या मार्कांनी पास झाली.

तिच्या डोक्यात एकच होतं, बँक. त्यासाठी एम.कॉम. करायचं ठरलं आणि विषयावर गाडी अडली. लातूरच्या कॉलेजात अकौंट होतं. फायनान्स घ्यायचं तर नांदेडला जाऊन हॉस्टेलात राहायला पाहिजे होतं.

मुलगी म्हणाली, "दादा, बँकेचे साहेब तुमच्या मीटिंगला येतात ना? त्यांनाच विचारा. ते म्हणतील तसं करते."

बायको भाकरी थापून राहिली होती. तिथूनच बोलली, "इचारा की. रोज पाणी पाजताव त्यांना, एवढं इचारायला काय झालं?"

मी विचारलं. मीटिंग सुटल्यावर बँकेचे साहेब जीपची वाट बघत व्हरांड्यात उभे होते. आधी हसले, "अरे, पोरीला एम.कॉम. करतोस? शाबास." मग खरोखर विचार करून म्हणाले, "परीक्षेला दोन्ही चालतं. फरक पडतो आत गेल्यावर. अकौंटवाल्याला लोक हिशेब जुळवायला बसवतात आणि तिथंच विसरतात. फायनान्सवाला कोणाचा धंदा चालेल, कोणाला कर्ज द्यावं, हे बघायला शिकतो. तो पुढं मॅनेजर होतो. पोरगी हुशार असेल तर नांदेडला पाठव."

इतकं सरळ सांगितलं. चौथी पास माणसालाही कळलं.

परत येताना वाटेत टँकर उभा होता. शेजारच्या एकाची बायको बाळंतीण होती, म्हणून तो स्वतः घागर घेऊन बायकांच्या रांगेत उभा होता. "काय ओ भावजी, लुगडं कवा नेसताव?" एकीनं विचारलं आणि सगळ्या खिदळल्या. तो घागरीच्या तोंडात बघत राहिला. मी खाकीत होतो. मी थांबलो न्हाई.

घरी मुलगी उंबऱ्यातच उभी. "काय म्हणाले साहेब?"

"अकौंट," मी म्हणालो. "बँक म्हणजे अकौंटच. फायनान्स-बियनान्स मुंबईकडच्या लोकांचं."

"असं म्हणाले?"

"हाव. तसंच म्हणाले."

ती आत गेल्यावर बायकोनं हळूच विचारलं, "साहेब खरंच असं म्हणाले?"

"मग मी खोटं बोलून राहिलो का?" मी तिच्यावर ओरडलो. तिनं पुन्हा उभ्या जन्मात विचारलं न्हाई.

मुलीनं अकौंट केलं. आणखी दोन वर्षं पाणी भरलं, तोवर दारात नळ आला. बँकेची परीक्षा पास झाली आणि लागली कुठं, तर नांदेडलाच. साहेब म्हणाले होते तसंच झालं, हिशेब जुळवायच्या टेबलावर बसली ती बसलीच. मागून आलेली पोरं मॅनेजर झाली. कर्जाच्या कामाचा अनुभव न्हाई म्हणून हिला दोनदा मागं ठेवलं. सगळं त्या एका विषयामुळं झालं असं मी म्हणत न्हाई. पण दुसरं कारण शोधायचा हक्क मला न्हाई. आता ती औंदा रिटायर होते.

बायको शेवटचं वर्ष अंथरुणावर होती. तेव्हा सगळं पाणी मीच भरलं. नळ घरात आला होता. बघायला कुणी नव्हतं.

विहारात तिच्या मागं करायचं पुण्यानुमोदन झालं. मुलगी आईबद्दल चार शब्द बोलली, मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आमचे दादा चौथी शिकलेले. पण पोरीनं काय शिकावं हे साहेबांना विचारून आले. त्या काळात कोणता बाप विचारत होता? मी हे बँकेतही सगळ्यांना सांगते." लोकांनी माना डोलावल्या. एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो मला सोसवला न्हाई.

माणसं गेली. मुलगी नांदेडच्या गाडीसाठी बाटली भरून राहिली होती. मी म्हणालो, "माय, साहेब फायनान्स म्हणाले होते."

तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, "आईला वजन उचलायचं नव्हतं, म्हणून तसं सांगितलं ना?"

तिनंच मला वाट काढून दिली होती. हाव म्हटलं असतं तर मेलेली बायको काही सांगायला येणार नव्हती.

"न्हाई. मला उचलता येत होतं. बायकांत उभं राहायची लाज वाटली."

"कुणीतरी हसलं असतं. एवढंच?"

"एवढंच."

बाटली ओट्यावर तशीच ठेवून ती गेली.

दर रविवारी येणारा फोन दोन रविवार आला न्हाई. तिसऱ्या रविवारी आला. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, विचारून झालं. मग म्हणाली, "परवा बँकेतल्या एका नव्या पोरीनं विचारलं, मॅडम, तुम्ही अकौंटच का घेतलं?"

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"मी सांगितलं, आमच्या घरी पाणी भरायला माणूस नव्हता."

आणि तिनं फोन ठेवला.