पाठीशी असलेला वारा

परतताना, मी चालवत असलेल्या छोट्या विमानाला खालच्या रस्त्यावरची एक जीप मागे टाकून गेली. शेजारी बसलेला धाकटा भाऊ विलास म्हणाला, "दादा, वेगाचा काटा तर जातानाच्याच आकड्यावर आहे."

"तो हवेच्या तुलनेतला वेग, जमिनीवरचा नाही. आता वारा समोरून आहे, जाताना पाठीशी होता."

जाताना शेतं झपाझप मागे पडत होती, तेव्हा मी वाऱ्याचं नावही काढलं नव्हतं. उलट ऐटीत म्हणालो होतो, "धडपडणारा पुढे जातोच. तू गावातच राहिलास."

समोरचा वारा लगेच जाणवतो. पाठीशी असला की तो आपलाच वेग वाटतो. आई-बाबांची आजारपणं विलासनं एकट्यानं काढली, म्हणून मी शहरात राहून शिकू शकलो.

तो शांतपणे जीपकडे बघत होता. धावपट्टी अजून लांब होती, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.