बदलीचं झाड

लिफ्ट बंद दिसली की झाडवाल्या बाईंना रडूच यायचं. मातीनं भरलेली कुंडी काय हलकी असते? पण पोट त्यावरच होतं. ऑफिसांना झाडं भाड्यानं द्यायची, महिन्याभरानं ती उचलून त्यांच्या जागी ताजी ठेवायची, दमलेली गच्चीवर नेऊन सावरायची. घरी अंथरुणाला खिळलेली आई, तिच्या हाकांनी झोपेचं खोबरं झालेलं. धाकटा भाऊ दुसऱ्या गावी. तो फोनवर विचारायचा, "कशी आहेस, ताई?" आणि बाई म्हणायच्या, "मला काय धाड भरलीय!" महिनाभर आईला तू ने, एवढं एक वाक्य ओठांवर यायचं आणि गिळलं जायचं. आता मात्र जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

त्या दिवशी रिसेप्शनवरची मुलगी कुंडीला आडवीच आली.

"हे नका ना नेऊ, काकू! बघा तरी किती हिरवंगार आहे. रोज पाणी घालते मी, जीव लावलाय त्याला."

बाईंनी मातीत बोट खुपसलं. नुसता चिखल.

"अगं, पाणी म्हणजे त्याचं जेवण नव्हे. जेवण ते आपलं आपण रांधतं, पानांत. हवा आणि पाणी घेऊन साखर करतं, पण चूल पेटते ती उजेडावर. तुमच्या या बोळात कसला आलाय उजेड?"

"दिवसभर ट्यूब असते की!"

"त्यात आपल्याला दिसतं, त्याचं पोट नाही भरत."

"मग हिरवं कसं राहिलं?"

"साठवणीतलं खातंय. खोडात, मुळांत पूर्वी ठेवलेलं. रात्रंदिवस श्वास चालू, त्याला खर्च आहेच ना? वरून ठणठणीत दिसतं गं. मग पानं गळायला लागली की लोक आणखी पाणी ओततात."

मुलीचं तोंड एवढंसं झालं. बाईंनाही वाईट वाटलं. त्यांनी ताजं झाड तिच्या टेबलाशी ठेवलं आणि जुनं कमरेवर घेऊन निघाल्या.

गच्चीवर त्यांनी कुंडी आडोशाला टेकवली. एकदम कडक उन्हात ठेवली तर पानं करपतात. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"ताई, आवाज किती दमलाय तुझा! ताकदीच्या गोळ्या पाठवू का आणखी?"

गोळ्या, फळांची टोपली, मिक्सर. सगळं पाठवून झालं होतं बिचाऱ्याचं. कुंडीच्या बुडातून चिखलाचं पाणी ठिबकत होतं. ते बघता बघता बाईंना हुंदका आला.

"मी बरी नाहीये रे. ये आणि महिनाभर आईला घेऊन जा."

मग तो चाचरत म्हणाला, "अगं पण... मागे आलो तेव्हा तर चांगली दिसत होतीस की!"

"दिसतच होते," बाई म्हणाल्या आणि कुंडीशेजारी फतकल मारून बसल्या. "गोळ्या नकोत. तू ये."