गोजराबाईंची निर्धूर चूल

शिरपूरच्या गोजराबाई मातीच्या निर्धूर चुली घालायच्या. १९७४ साली रॉकेल मिळेना, तेव्हा गावभर त्यांनाच बोलावणं असे. निम्म्या लाकडांत स्वयंपाक व्हायचा आणि धूर धुराड्यातून बाहेर जायचा. त्यांच्या घरी मात्र जुनीच चूल होती. घर दिराचं, आणि धुराड्यासाठी भिंत फोडावी लागे. धुरानं त्यांची छाती पोखरली, तेव्हा तमाशात गाऊन तंबूभर माणसांना रडवणारा मी त्यांच्या दिरापुढे, उकंडरावांपुढे, हात जोडून उभा राहिलो.

"भित माही हाय, मास्तर," दीर म्हणाला. "तुमचं रडगाणं तंबूत गा."

शेवटच्या दुखण्यात मी त्यांना पेज नेली. ती त्यांनीच माझ्या घरी घातलेल्या चुलीवर शिजवली होती.

"लाकडं किती लागले, भाऊ?"

"दोनच, अक्का."

त्या हसल्या. मग खोकतच राहिल्या. पेज निवून गेली.