मातीचे डोहाळे

१२ ऑगस्ट २०२४ रोजी कोंडाबाईने सोनपेठच्या बाजारातून पस्तीस रुपयांची भाजकी माती घेतली आणि पदराला गाठ मारली. सून दैवशाला सातव्या महिन्यात होती. तिला चिंच नको होती, आंबाडीची भाजी नको होती. अडीच महिन्यांपासून तिला फक्त माती हवी होती.

कोंडाबाईचा जन्म मेंढरांत गेलेला. मुलगा मल्हार, म्हणजे दैवशालेचा नवरा, पोटात असताना तिला तिळाच्या पोळीचा डोहाळा लागला होता. सासूने तो पुरवला नाही आणि पुढे मल्हारचा कान दहा वर्षे वाहत राहिला. डोहाळा मारला की बाळाचा कान फुटतो, हे गावातल्या सगळ्याच बाया मानत. कोंडाबाईने तर ते डोळ्यांनी पाहिले होते. नातवंडाच्या बाबतीत आपल्या हातून तसे होऊ द्यायचे नाही, एवढे तिने मनाशी धरले होते.

शेजारची तानुबाई टोमणा मारी, "आमच्या सासूनं भाकरी मोजून वाढल्या, अन् तू सुनंला माती बी इकत आणायलीस. असली सासू मला बी बघ की एखादी."

कोंडाबाईला ते ऐकून बरे वाटे.

पंधरवडा गेला. दैवशाला नळावर घागर उचलता उचलता खाली बसली ती उठेचना. मल्हार मेंढरे घेऊन गोदाकाठाला गेलेला. गावातल्या दत्तरावाची जीप ठरवून कोंडाबाईने सुनेला परभणीच्या दवाखान्यात आणले.

डॉक्टरीणबाईंनी दैवशालेची खालची पापणी बोटाने ओढली. आतून ती पांढरीफटक होती.

ही पापणी कोंडाबाईच्या ओळखीची होती. मेंढी माती चाटू लागली की ती तिला गुडघ्यांत धरी, अशीच पापणी ओढून बघी आणि पांढरी दिसली तर त्याच दिवशी औषध पाजी. माती चाटणाऱ्या जनावराचे तिने कधी कौतुक केले नव्हते. आणि घरात तीन महिने ती सुनेला स्वतःच्या हाताने माती भरवत होती. तिच्या डोळ्यांत मात्र एकदाही बघितले नव्हते.

खाण्यात काय असते, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"माती," कोंडाबाई म्हणाली. "मीच दिली."

अंगात रक्तच उरलेले नाही, मातीमुळे खाल्लेलेही अंगी लागत नाही, आताच रक्त चढवले नाही तर मायलेकरांचे काही सांगता येत नाही, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. कोंडाबाई फरशीवर बसली. तिला रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी रक्ताची दुसरी पिशवी चालू असताना दैवशालेने हळूच विचारले, "आत्या, पदरात हाय का जराशी?"

होती. कोंडाबाईने गाठ सोडली, उठली आणि सगळी माती मोरीत टाकून आली.

"लेकराचा कान फुटंल की हो," दैवशाला म्हणाली.

"फुटू दे. कानाला औषध हाय."

दैवशाला पाच दिवसांनी घरी आली. दिवाळीच्या आधी तिला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. जीपचे भाडे अठराशे रुपये ठरले होते. त्यातले दत्तरावाचे चारशे रुपये अजून द्यायचे आहेत.