झाकण उघडून बघणाऱ्या वहिनी

सकाळी बेल वाजण्याआधीच दाराबाहेरच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा. "काय भाऊ, काल पुन्हा वांगं टाकलंत?" चौथ्या मजल्यावरच्या वहिनी आमचा ओला कचरा नेण्याआधी तपासायच्या.

चेंबूरच्या आमच्या सोसायटीत सोळा घरं आहेत आणि लिफ्ट नाही. वहिनी, त्यांचा नवरा आणि कॉलेजातली मुलगी असे तिघे मिळून सोळा डबे रोज गच्चीवर न्यायचे. तिथल्या निळ्या पिंपांत कचऱ्याची माती व्हायची आणि त्या मातीत माठ, अळू, दुधी. त्यांच्या घरात फ्रिजसुद्धा नव्हता. नवरा याला पर्माकल्चर म्हणायचा. वहिनी म्हणायच्या, "आमच्या गावी याला परसदार म्हणतात. नाव मोठं केलं म्हणून जिने कमी होतात का?" रविवारी सगळ्यांनी आपापली भाकरी घेऊन गच्चीवर यायचं, भाजी तिथलीच. सेक्रेटरी म्हणून मी सुरुवातीला नाइलाजानं जायचो. पुढे रविवारची वाट बघू लागलो.

वहिनी कायम दमलेल्या असत. दुसऱ्या मजल्यावर माझ्या दारापाशी पायरीवर बसून गुडघे चोळायच्या. "बंद करा की आता," म्हटलं, की म्हणायच्या, "करू ना. एवढं पिंप भरू दे." आता तुम्हीच सांगा, ते भरणार कधी? कचऱ्याची माती होताना तो निम्मा खाली बसतो.

आई गेली आणि घरात मी एकटा उरलो. नातेवाईक परतल्यावर आठवडाभरानं वहिनींनी झाकण उघडलं. डब्यात नुसता चहाचा चोथा होता. दुपारी मुलगी माठाची भाजी आणि दोन भाकऱ्या ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "नुसत्या चोथ्याची माती होत नाही, भाऊ. जेवत जा." मी दार लावून रडलो.

मग चौथ्या मजल्यावर एका घराचं छत गळू लागलं. सभेत सगळ्यांची बोटं पिंपांकडे गेली. मी आधी प्लंबरला दाखवायला हवं होतं. पण रोजच्या तक्रारींनी मीही विटलो होतो. पिंपं हटवण्याच्या नोटिशीवर सही केली आणि ती त्यांच्या दाराखालून सरकवली.

"हातात दिली असतीत तरी घेतली असती," एवढंच त्या म्हणाल्या. तीन दिवस तिघांनी माती खाली आणली. प्रत्येक दारात एकेक कुंडी भरून ठेवली, तक्रार करणाऱ्यांच्यासुद्धा. दोन महिन्यांनी ते बदलापूरच्या पुढे, मागे अंगण असलेल्या बैठ्या घरात राहायला गेले.

गळती नंतर टाकीच्या पाइपात सापडली. मी फोन करून सांगितलं, माफी मागितली. "असू दे, भाऊ. इथं जिने नाहीत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "जेवता ना?" मी हो म्हणालो.

डबा मी अजून दाराबाहेर ठेवतो. गेला आठवडाभर त्यात नुसता चहाचा चोथा आहे. कचरा नेणारा माणूस न बघताच तो पिशवीत ओततो आणि पुढच्या दाराकडे जातो.