शेवटच्या अंकातले अण्णा

स्वतःच्या मरणाची इतकी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या हुबळी-धारवाडात दुसरा झाला नसेल. केशवापूरचे आमचे कापडवाले अण्णा तब्येतीने ठणठणीत होते. भीती त्यांना मरायची नव्हतीच, मेल्याचं कुणाला कळणार नाही याची होती. मूलबाळ नाही, बायको देवाघरी गेलेली, आणि पाहुणेरावळे निपाणी, बेळगाव, कोल्हापूरकडे पांगलेले. इथल्या मराठी घरांतून कोण गेलं, ते त्या सगळ्यांना आमच्याच पेपरातून कळायचं. वहिनी गेल्या तेव्हा निधनवार्ता वाचून माणसांनी गल्ली भरली होती, हे अण्णा अजून अभिमानाने सांगत.

म्हणून दुकान बंद असेल त्या दिवशी अण्णा लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या ऑफिसात स्वतःची निधनवार्ता दुरुस्त करायला येत. मी उपसंपादक, म्हणजे हक्काचा बळी. कधी 'दुःखद' काढायचं, कधी फोटो बदलायचा. "ह्यात मी फार हसतोय रे अप्पा. लोकांना वाटेल, सुटलो म्हणून खूश झालाय!" एकदा 'प्रसिद्ध व्यापारी'तलं 'प्रसिद्ध' काढायला लावलं, समोरचा दुकानदार जळेल म्हणे. माझं डोकं नुसतं खायचे.

पुढे दोन हजार सालानंतर मालकांनी ठरवलं, छपाई बंद, पेपर आता इंटरनेटवर. अण्णांची झोपच उडाली. "निपाणीची अक्का कॉम्प्युटर उघडणार काय?" म्हणून रोज विचारायचे. शेवटचा अंक निघायच्या आदल्या दुपारी धापा टाकत आले. "उद्या घालून टाक माझं."

"अहो अण्णा, जिवंत आहात की तुम्ही!"

"म्हणूनच घाईत आलोय. परवा मेलो तर घालणार कुठं?"

मला हसू आलं, पण त्यांना तसंच परत पाठववेना. जित्या माणसाची निधनवार्ता कशी छापणार? शेवटी काळी चौकट तीच, फोटो तोच, मजकूर तेवढा बदलला : 'केशवापूरचे अण्णा सुखरूप आहेत. ज्यांना भेटायचं असेल त्यांनी आत्ताच यावं.'

सकाळी फोनवर अण्णांनी माझा उद्धार केला. दुपारी बेळगावची मंडळी दारात हजर. संध्याकाळी निपाणीची अक्का, काठी टेकत, भावाला शिव्या देत. पुढचे काही दिवस घर भरलेलं होतं. "अय्यो, साखर संपली रे, तूच निस्तर आता," म्हणताना अण्णा हसत होते की रडत होते, देव जाणे.

काही वर्षांनी ते खरंच गेले. बातमी मी वेबसाइटवर टाकली. स्मशानात आम्ही चारदोन शेजारी. निपाणीहून कुणीच आलं नाही. फार वाईट वाटलं. पण त्यांच्यासाठी यायची ती माणसं आधीच येऊन गेली होती, आणि त्यांना चहा अण्णांनी स्वतः करून दिला होता.